होडीवरून डॉल्फिनची दिशा आवाजावरून काढायची आहे: कमी खर्चात काय जमेल?

किनारपट्टी (प्रश्न)

देवगड ते मालवण या पट्ट्यात, किनाऱ्यालगतच्या ५ ते १५ मीटर पाण्यात, डॉल्फिनची नोंद आवाजावरून ठेवायची आहे. डोळ्यांनी पाहून मोजणी चालू आहे, पण खारा (समुद्राकडून येणारा) वारा सुटला आणि लाटांना पांढरे तुरे आले की हंपबॅक डॉल्फिनसुद्धा नजरेतून सुटतो. फिनलेस पॉरपॉइजच्या तर पाठीवर परच नाही. तो सपाट पाण्यातही क्षणभर दिसतो आणि जातो. म्हणून हायड्रोफोनने, म्हणजे पाण्यातल्या मायक्रोफोनने, ऐकायचं ठरवलं आहे.

हाताशी ७ मीटरची फायबरची होडी, लॅपटॉप, झूम एच१एन रेकॉर्डर आणि हातातला जीपीएस आहे. बाकी सामानाला साधारण ६०,००० रुपये. साउंडट्रॅप किंवा एफ-पॉडसारखी संशोधकांची यंत्रं या पैशांत येत नाहीत, हे माहीत आहे.

अडलंय ते इथे. दोन हायड्रोमोथ (पाण्यात सोडायचे छोटे स्वयंपूर्ण रेकॉर्डर) घ्यावेत की तारेचे दोन हायड्रोफोन? २७ मिलिमीटरच्या पायझो चकतीपासून (दाब पडला की वीज देणाऱ्या चकतीपासून) घरी केलेला हायड्रोफोन चालेल का? दोन हायड्रोफोनवरून दिशा कळते असं वाचलं, मग अंतरही कळेल का, म्हणजे नकाशावर ठिपका टाकता येईल का? आणि पाण्यात सतत फोडणी तडतडल्यासारखा आवाज येतो, त्यातून डॉल्फिनचे क्लिक (टकटक असे तोकडे आवाज) वेगळे कसे काढायचे?

ध्वनिलेख

आधी प्राणी ठरवा, यंत्र मागाहून. तुम्ही एका दमात दोन नावं घेतलीत आणि त्या दोघांचे आवाज इतके वेगळे आहेत की एकाच रेकॉर्डरवर भिस्त ठेवली तर त्यातला एक हमखास सुटेल.

हंपबॅक डॉल्फिन शिट्ट्या मारतो आणि क्लिकही करतो. शिट्ट्यांचा मुख्य भाग साधारण ३ ते २० किलोहर्ट्झमध्ये बसतो. सिंधुदुर्ग किनाऱ्यावर नोंदलेल्या शिट्ट्यांचं वर्गीकरण करणारा शोधनिबंध २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. तो मिळवा, म्हणजे तुमच्याच पाण्यातले नमुने समोर ठेवून कान आणि डोळा तयार करता येईल. एच१एन ९६ किलोहर्ट्झने सॅम्पल घेतो, म्हणजे सेकंदाला ९६,००० वेळा आवाज मोजतो; त्याच्या निम्म्या, ४८ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज फाइलमध्ये येऊ शकतो. शिट्ट्यांना तो भरपूर झाला. क्लिकची ऊर्जा १०० किलोहर्ट्झच्याही वर जाते, त्यामुळे त्यांचा फक्त खालचा भाग मिळेल. पण क्लिक आहे हे ओळखायला आणि दिशा काढायला तेवढा पुरतो.

फिनलेस पॉरपॉइज शिट्टी मारत नाही. त्याचे क्लिक अरुंद पट्ट्यातले, १२० ते १४५ किलोहर्ट्झच्या आसपासचे. त्यासाठी सॅम्पलिंग किमान ३०० किलोहर्ट्झ हवं; व्यवहारात ३८४ घ्या. एच१एनवर तो होडीखालून गेला तरी काही उमटणार नाही. अशा फाइलवरून वहीत ‘पॉरपॉइज नाही’ असं लिहिलं तर ती नोंद खोटी ठरते. त्या रकान्यात ‘ऐकण्याची सोय नव्हती’ असंच लिहायला हवं. हा भेद सुरुवातीपासून पाळला नाही तर दोन वर्षांनी हातात आलेला नकाशा निरुपयोगी असतो.

अंतराचाही फरक आहे. १३० किलोहर्ट्झचा आवाज समुद्राचं पाणी दर १०० मीटरला सुमारे ४ डेसिबल शोषून घेतं, आणि आवाज पसरल्यामुळे होणारी घट त्याशिवाय. पॉरपॉइजची अपेक्षा दोनेकशे मीटरपलीकडे धरू नका. १० किलोहर्ट्झच्या शिट्टीला हेच शोषण किलोमीटरला एखाद्या डेसिबलचं आहे. तिला मारते ती पाण्यातली बाकीची गडबड.

आता दिशा. दोन हायड्रोफोनपैकी ज्याच्याकडे आवाज आधी पोचतो त्या बाजूला प्राणी. सूत्र एवढंच: कोनाचा साइन = ध्वनीचा वेग × वेळेतला फरक ÷ हायड्रोफोनमधलं अंतर. कोन मोजायचा तो दोन्ही हायड्रोफोन जोडणाऱ्या रेषेवर काढलेल्या लंबापासून. वेगाला डोळे मिटून १५०० घेऊ नका. २८ अंश सेल्सिअस आणि ३५ क्षारतेच्या पाण्यात तो सेकंदाला सुमारे १५४१ मीटर असतो. क्षारता ३० पर्यंत उतरली, उदाहरणार्थ खाडीच्या मुखाशी, तर ५ मीटरने कमी होतो. त्याने फारसं बिघडत नाही.

उदाहरण करून पाहू. हायड्रोफोनमध्ये ३ मीटर अंतर, सॅम्पलिंग ९६ किलोहर्ट्झ. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादकात फाइल उघडून दोन्ही चॅनल मोठे केले आणि एकच क्लिक डावीकडे ६२ सॅम्पल आधी दिसला. ६२ भागिले ९६,००० म्हणजे ६४६ मायक्रोसेकंद. त्याला १५४१ ने गुणलं की ०.९९५ मीटर, ३ ने भागलं की ०.३३२, म्हणजे १९.४ अंश. प्राणी लंबापासून १९ अंश, डाव्या चॅनलच्या हायड्रोफोनकडे. एक सॅम्पल चुकला तरी लंबाजवळ फक्त ०.३ अंशाचा फरक पडतो, म्हणून रेकॉर्डरचा सॅम्पलिंगचा वेग कधी अडचण ठरत नाही. अडचण अंतराची असते: हायड्रोफोन १० सेंटिमीटर हलला की २ अंश गेले. रेषेच्या टोकाकडे तर चूक झपाट्याने वाढते. लंबापासून ६० अंशांवर दुप्पट, ८० अंशांवर पावणेसहापट. टोकाकडून आलेल्या आवाजाला ‘पुढून’ किंवा ‘मागून’ एवढंच लिहावं, आकडा लिहू नये.

अंतर कळेल का? दोनवरून नाही. तीन हायड्रोफोन एका रेषेत ठेवले तर ध्वनिलहरीच्या बाकावरून तत्त्वतः काढता येतं. पण ६ मीटरच्या रांगेत, २०० मीटरवरून आलेल्या लहरीचा बाक मध्यापासून टोकापर्यंत फक्त सव्वादोन सेंटिमीटर असतो. होडीला टांगलेल्या तारा त्याहून जास्त डुलतात. ५० मीटरवर तो बाक ९ सेंटिमीटर होतो आणि ताठ चौकट असेल तर काहीतरी हाती लागतं. पण ५० मीटरवरचा डॉल्फिन बहुधा दिसतच असतो. होडीवरच्या छोट्या मांडणीतून अंतर काढण्यावर पैसे घालू नका.

हायड्रोमोथबद्दल: दोन वेगळी यंत्रं म्हणजे दोन वेगळी घड्याळं. घड्याळात दशलक्षात एका भागाचा फरक असला तर तासाभरात ३.६ मिलिसेकंद, म्हणजे पाण्यात साडेपाच मीटर. तुमची मांडणीच ३ मीटरची. तेव्हा दिशेसाठी दोन्ही हायड्रोफोन एकाच रेकॉर्डरच्या डाव्या-उजव्या चॅनलला हवेत, यात तडजोड नाही. जीपीएसवरून वेळ जुळवणारं फर्मवेअर ऑडिओमोथसाठी (हायड्रोमोथच्या जमिनीवरच्या भावंडासाठी) आहे, पण जीपीएसचा अँटेना पाण्याखाली चालत नाही. तो तरंगत ठेवावा लागतो.

तरीही एक हायड्रोमोथ घ्याच, पॉरपॉइजसाठी. ३८४ किलोहर्ट्झला तो सॅम्पल घेतो, मात्र त्याची संवेदनशीलता सगळ्या पट्ट्यात सारखी नाही. त्यावरून आवाजाची पातळी डेसिबलमध्ये सांगू नका, फक्त ‘होता’ एवढं सांगा. १६ बिटला दर मिनिटाला ४६ मेगाबाइट लागतात. आवाज मोठा झाला की सुरू होणारी सोय बंद ठेवा, कारण तुम्हाला ऐकू येणारी तडतड करणारी कोळंबी तिला सतत चालू ठेवेल. दर ५ मिनिटांतलं १ मिनिट, असं वेळापत्रक लावा.

डाग_आणि_तार

पायझो चकतीबद्दल. २७ मिलिमीटरची पितळी चकती घंटीसाठी बनलेली असते, तिचा स्वतःचा अनुनाद (ज्या स्वराला ती आपसूक जोरात थरथरते) काही किलोहर्ट्झवर, म्हणजे नेमका शिट्ट्यांच्या पट्ट्यात. आवाज येईल, पण काही स्वर फुगून आणि काही बसून. त्याहून वाईट म्हणजे दोन चकत्यांचे अनुनाद थोडे वेगळे असले की त्या पट्ट्यात दोघींची कला (लहर कुठल्या टप्प्यावर आहे ते) वेगळी सरकते आणि वेळेतला फरक खोटा येतो. ‘आहे की नाही’ ऐकायला चालेल. दिशेसाठी वापरायचीच झाली तर एकाच लॉटमधल्या दहा घ्या, टाचणीच्या टोकाने हलकं टिचकवून प्रत्येकीचा स्वर स्पेक्ट्रोग्रामवर (वेळ आणि स्वर दाखवणाऱ्या आवाजाच्या चित्रावर) पाहा आणि जुळणारी जोडी निवडा.

चांगला मार्ग पोकळ सिरॅमिक नळीचा. १० मिलिमीटर सरासरी व्यासाच्या नळीचा अनुनाद साधारण १०० किलोहर्ट्झला जातो, त्यामुळे खालचा सगळा पट्टा सपाट मिळतो. नळीची दोन्ही टोकं टोप्या लावून बंद करायची, आत हवा ठेवायची, आणि बाहेरून पॉलियुरेथेनचा थर. बुडबुडा राहता कामा नये. पाण्याखाली हवेचा बुडबुडा आवाज परतवतो आणि स्वतः गुणगुणतो. मिश्रण हळू ढवळा, पातळ धारेने ओता, जमल्यास निर्वात पंपाखाली ठेवा. ओतण्याआधी तारेचं आवरण खरखरीत कागदाने घासून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पीव्हीसीच्या गुळगुळीत आवरणाला पॉलियुरेथेन धरत नाही आणि पाणी नेमकं त्या सांध्यातून शिरतं.

प्रीअँप (सिग्नल आधी वाढवणारं छोटं सर्किट) हायड्रोफोनच्या डोक्यातच हवा. पायझो थेट रेकॉर्डरच्या माइक इनपुटला जोडणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे. तो इनपुट १० किलोओमचा धरला, तर २० नॅनोफॅरडच्या चकतीचा ८०० हर्ट्झच्या खालचा आवाज गळतो. ३ नॅनोफॅरडच्या नळीचा तर ५.३ किलोहर्ट्झच्या खालचा सगळाच, म्हणजे बऱ्याच शिट्ट्या अर्ध्या कापल्या जातात. जेफेट इनपुटचा ऑपअँप (फार उच्च इनपुट रोधाची वर्धक चिप) आणि १ मेगाओमचा रोध लावला की नळीसाठी ही सीमा ५३ हर्ट्झवर येते. शिवाय तारेचं स्वतःचं धारित्रही सिग्नल खातं. मीटरला १०० पिकोफॅरड धरले तर २० मीटरला २ नॅनोफॅरड होतात; २० नॅनोफॅरडच्या चकतीचं त्यात एक डेसिबलही जात नाही, पण २ नॅनोफॅरडच्या नळीचा अर्धा व्होल्टेज, ६ डेसिबल, तारेतच जिरतो.

विकतचा घ्यायचा असेल तर ॲक्वेरियनचा एच२ए तुमच्या एच१एनला सरळ बसतो, कारण तो प्लग-इन पॉवरवर (रेकॉर्डरच्या माइक पिनमधूनच मिळणाऱ्या विजेवर) चालतो. दोन मागवून एका स्टिरिओ पिनमधून दोन मोनो काढणारी जोडतार लावली की झालं. बाहेरून मागवताना वाहतूक, सीमाशुल्क आणि जीएसटी धरून हिशेब करा. बजेटचा मोठा वाटा तिथेच जाईल. माझं मत विचाराल तर दिशेसाठीची जोडी विकतची घ्या आणि हात बसवायला नळीचा तिसरा स्वतः करा. जोडीतले दोन्ही एकसारखे असणं हीच दिशेची अर्धी लढाई आहे आणि घरच्या घरी तेच सगळ्यात अवघड.

समुद्रात नेण्याआधीची परीक्षा: बादलीत मीठ घातलेलं पाणी, त्यात हायड्रोफोन आणि तारेचे खालचे २ मीटर २४ तास बुडवून ठेवा. मग तारेची प्रत्येक वाहक आणि पाणी यांच्यातला रोध मल्टिमीटरने मोजा. २० मेगाओमच्या पट्टीवर आकडा दिसला तर गळती आहे. ही गळती बहुतेकदा डोक्यातून नसते. वर कुठेतरी आवरणाला चीर पडते आणि पाणी तारेच्या जाळीतून शोषलं जात खाली उतरतं. म्हणून तार होडीच्या कडेवर घासणार तिथे रबरी नळीचा तुकडा चढवा.

आणि होडीवर इन्व्हर्टर नको. त्याच्या स्विचिंगच्या सरळ आडव्या रेषा स्पेक्ट्रोग्रामभर पसरतात. लॅपटॉप बॅटरीवर, रेकॉर्डर स्वतःच्या सेलवर.

उलांडी

वरचं गणित बरोबर आहे, पण ते होडीवर टिकतं की नाही हे टांगणीवर ठरतं. दोन तारा वेगवेगळ्या सोडू नका. ३ मीटरचा पीव्हीसी पाइप घ्या, त्याला हातभर अंतरावर भोकं पाडा म्हणजे आत पाणी भरेल (हवेने भरलेला पाइप तरंगतोही आणि आवाजही परतवतो), तो आडवा, दोन दोरांनी होडीच्या लांबीला समांतर टांगा. खाली प्रत्येक टोकाला दीड किलो वजन. हायड्रोफोन पाइपला घट्ट बांधायचे नाहीत. टोकांपासून रबरी पट्टीने वीतभर खाली लोंबकळते ठेवायचे, म्हणजे पाइपची ठकठक त्यांच्यात उतरत नाही. भार दोराने पेलायचा, तार नेहमी सैल. दोर आणि होडी यांच्यामध्येही रबरी दोरी घाला, नाहीतर प्रत्येक लाटेबरोबर हायड्रोफोन वरखाली होऊन खालच्या स्वरात भलामोठा घों-घों भरतो.

१० मीटर पाण्यात पाइप ४ मीटरवर ठेवा. तळाजवळ नको, खडपांत कोळंबीचा गोंगाट सगळ्यात जास्त. पृष्ठभागाजवळ नको, लाटांचे फटके.

इंजिन बंद, फिशफाइंडर (आवाज सोडून मासे शोधणारं यंत्र) बंद. तो बंद करायला माणसं विसरतात आणि त्याचे ठरावीक अंतराने येणारे ठोके क्लिक म्हणून मोजले जातात. नांगर टाकलात तर साखळीऐवजी दोर वापरा. शक्यतो वाहत्या पाण्याबरोबर होडी सोडून द्या, म्हणजे पाण्याचा प्रवाह हायड्रोफोनवरून कमी घासतो. प्रवाहात ताठ झालेली तार गुणगुणायला लागते. तिच्याभोवती लोकरीचे किंवा जुन्या दोराचे सुटे धागे बांधले की ते थांबतं. वेळ पहाटेनंतरची, मतलई (जमिनीकडून येणारा) वारा पडून खारा सुरू होईपर्यंतची.

एच१एनवर ऑटो लेव्हल आणि लिमिटर दोन्ही बंद करा. कोळंबीचे सगळ्यात मोठे फटके −१२ डेसिबलपर्यंत पोचतील इतकाच आवाज ठेवा.

दिशा नकाशावर न्यायची तर होडीचं तोंड कुठे आहे हे कळायला हवं, आणि वाहत्या होडीत जीपीएस ते सांगत नाही. तो फक्त होडी कुठे सरकते ते सांगतो. साधं होकायंत्र ठेवा, इंजिन आणि स्पीकरपासून दूर. आपल्या किनाऱ्यावर चुंबकी उत्तर आणि खरं उत्तर यांत जेमतेम एखाद्या अंशाचा फरक आहे, तो सोडून द्या.

आणि ताळा केल्याशिवाय एकही दिशा वहीत लिहू नका. दुसरी छोटी होडी ४० मीटरवर न्या, पाण्याखाली नट-बोल्टाचे दोन लोखंडी पाने एकमेकांवर ठोका. समोरून, म्हणजे लंबावरून, मग ३०, ६० आणि ९० अंशांवरून, प्रत्येक ठिकाणी दहा ठोके. काढलेला कोन आणि खरा कोन शेजारी लिहा. सगळीकडे सारखीच चूक येत असेल तर पाइप होडीला समांतर नाही. डावं-उजवं उलटं येत असेल तर चॅनल बदललेत. कोन वाढेल तशी चूक वाढत असेल तर हायड्रोफोनमधलं अंतर चुकीचं मोजलंय. प्रत्येक वेळी पाइप नव्याने सोडला की ठोके पुन्हा.

दोन हायड्रोफोनना आवाज होडीच्या डाव्या अंगाने आला की उजव्या हे कळत नाही. दोन्हीकडे तोच कोन निघतो. वल्ह्याने होडी ४० अंश वळवा आणि पुन्हा ऐका. खरी दिशा होकायंत्रावर तिथेच राहते, खोटी होडीबरोबर फिरते. होडीला उलांडी (बाजूला दांड्यांवर बांधलेलं तरतं लाकूड) असती तर तिच्या लाकडावर तिसरा हायड्रोफोन सोडून हा घोळ एका झटक्यात मिटला असता. फायबरच्या होडीला बाजूला बांबू बांधूनही जमतं, फक्त मग रेकॉर्डर दोनपेक्षा जास्त चॅनलचा लागतो.

किनारपट्टी

बरंच स्पष्ट झालं, आभार. दोन गोष्टी उरल्या. एकाच होडीवरून अंतर नाही, पण तसाच संच घेऊन दुसरी होडी उभी केली तर दोन दिशांच्या छेदावर ठिपका टाकता येईल ना? आणि क्लिक वेगळे काढण्यासाठी पॅमगार्ड (समुद्री प्राण्यांचे आवाज शोधणारं सॉफ्टवेअर) लावणार आहे, त्यात काय बदलावं?

ध्वनिलेख

छेदावरचा ठिपका येतो, आणि नकाशासाठी हाच योग्य मार्ग आहे. प्रत्येक दिशेला ५ अंशांची चूक धरा. ५०० मीटरवर ती आडवी ४४ मीटर होते. दोन होड्यांमध्ये ४०० मीटरच्या आसपास अंतर ठेवा. दिशा एकमेकींना ६० ते १२० अंशांत छेदत असतील तेव्हाच ठिपका घ्या. त्याहून निमुळता छेद असेल तर चुकीचा पट्टा लांबत जातो आणि ठिपका कुठेही सरकतो. दोन्ही रेकॉर्डरवर सुरुवातीला जीपीएसची वेळ तोंडाने बोलून नोंदवा. इथे सेकंदाभराची अचूकता पुरते, कारण जुळवायची आहे ती तीच शिट्टी. पण डॉल्फिन सेकंदाला २ मीटरने सहज पोहतो, मिनिटात १२० मीटर. तेव्हा दोन होड्यांच्या दिशा १० सेकंदांच्या आतल्याच घ्या.

शिट्टीची दिशा काढताना एक धोका लक्षात ठेवा. १० किलोहर्ट्झवर सरळ धरलेली शिट्टी दर ०.१ मिलिसेकंदाला स्वतःशीच जुळते, आणि ३ मीटरच्या मांडणीत त्यामुळे जवळजवळ चाळीस उत्तरं सारखीच बरोबर दिसतात. चढती-उतरती, निदान ३-४ किलोहर्ट्झचा पल्ला घेणारी शिट्टी निवडा; तिच्यात एकच शिखर ठळक उठतं. उथळ पाण्यात पृष्ठभागावरून परतलेला आवाजही मागोमाग येतो. हायड्रोफोन ४ मीटरवर, प्राणी २ मीटर खोल आणि २०० मीटर दूर असेल, तर तो फक्त ५ सॅम्पल उशिरा पोचतो आणि मूळ शिट्टीतच मिसळतो. क्लिकमध्ये मात्र तो वेगळा दिसू शकतो, म्हणून दोन्ही मिळाले तर दिशा क्लिकवरून काढा, तीसुद्धा पहिल्या शिखरावरून.

तडतड करते ती चिमटा आपटणारी कोळंबी. तिचा फटका २ किलोहर्ट्झपासून थेट १०० च्या वर पसरलेला असतो, त्यामुळे पट्टा पाहून तिला गाळता येत नाही. गाळायचं ते लयीवरून. कोळंबीच्या फटक्यांत क्रम नसतो. डॉल्फिनचे क्लिक माळेत येतात, दोन क्लिकमधलं अंतर काही दहा मिलिसेकंदांचं असतं आणि ते हळूहळू बदलतं. शिकार टप्प्यात आली की काही मिलिसेकंदांवर येऊन माळ सलग गुणगुणू लागते. शिवाय माळेतल्या सगळ्या क्लिकची दिशा एकच असते, कोळंबीची दिशा चहूकडे उधळलेली. पॅमगार्डच्या क्लिक डिटेक्टरमध्ये वेळ आडवी आणि दिशा उभी असा तक्ता उघडा: कोळंबी धुक्यासारखी सगळीकडे, डॉल्फिन सलग रेघ. दोन चॅनल घेण्याचा खरा फायदा मला इथेच वाटतो. नकाशा नाही काढला तरी ओळख पक्की होते.

सेटिंग: क्लिक डिटेक्टरच्या आधी २० किलोहर्ट्झचा हाय-पास फिल्टर (त्याखालचा आवाज गाळणारा), उंबरठा १० डेसिबलवरून सुरू करून १४-१५ पर्यंत चढवत न्या. हायड्रोफोन अॅरेमध्ये दोघांचे निर्देशांक मीटरमध्ये भरा आणि ध्वनीचा वेग स्वतः भरा. शिट्ट्यांसाठी २०४८ सॅम्पलचा एफएफटी (आवाजातले स्वर वेगळे करणारं गणित), निम्मा सरकता. ९६ किलोहर्ट्झला त्यातून ४७ हर्ट्झची बारकाई मिळते. व्हिसल डिटेक्टरला ३ किलोहर्ट्झची खालची सीमा द्या, नाहीतर ट्रॉलरच्या पंख्याचे स्वर शिट्टी म्हणून मोजले जातील.

पॉरपॉइजच्या फाइलींमध्ये उलटं पाहा: ११० ते १५० किलोहर्ट्झमध्ये ठिपक्यांची माळ आणि तिच्याखाली पूर्ण अंधार. खालीही ऊर्जा दिसली तर कोळंबी किंवा डॉल्फिन.

एक सूचना मात्र करावीशी वाटते. हाय-पास लावायचा तो विश्लेषणात, रेकॉर्डरवर नाही. हंपबॅक देवमाशाचं गाणं १०० हर्ट्झ ते ४ किलोहर्ट्झमध्ये असतं, आणि गोव्याच्या किनाऱ्याजवळ ते हायड्रोफोनवर नोंदलं गेलेलं आहे. अरबी समुद्रातले हे देवमासे फार थोडे उरले आहेत. डॉल्फिनसाठी सोडलेल्या हायड्रोफोनवर त्यांचा आवाज आला आणि फिल्टरने तो कापून टाकला, असं होऊ देऊ नका.

शेवाळ

तांत्रिक भागात भर घालण्यासारखं काही नाही, परवानगीबद्दल लिहिते. सगळे डॉल्फिन, पॉरपॉइज आणि देवमासे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत. मालवणला सागरी अभयारण्य आहे, १९८७ पासून. त्याच्या हद्दीत अभ्यासाचं काम मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवानगीशिवाय करू नका. हद्दीबाहेरही आधी वन विभागाच्या कांदळवन कक्षाला लेखी कळवा. हायड्रोमोथ रात्रभर पाण्यात सोडून येण्याचा विचार असेल तर बंदर खातं आणि सागरी पोलीस ठाण्यालाही पत्र द्या. पाण्यात बेवारस सापडलेलं तारा-बॅटरीचं यंत्र काय आहे हे त्यांना आधीच माहीत असलेलं बरं. त्यावर मराठीत ठळक अक्षरात लिहा: अभ्यासाचं साधन, फक्त आवाज नोंदवतं, आणि फोन नंबर. तिथल्या तांडेलांना (मच्छीमार होड्यांच्या प्रमुखांना) जागा दाखवून ठेवा. ते जाळी कुठे टाकतात हे विचारूनच जागा निवडा. दोर जाळ्यात गुंतला तर नुकसान त्यांचं होतं.

कळप दिसला म्हणून त्याच्याकडे होडी नेऊ नका. दूर इंजिन बंद करून थांबा. होडी जवळ गेली की वागणं आणि आवाज दोन्ही बदलतात, मग नोंद तुमच्या होडीची होते. रेकॉर्ड केलेल्या शिट्ट्या पाण्यात परत वाजवून बोलावण्याचा प्रकार तर अजिबात नको.

नोंदवहीत ऐकायला सुरुवात कधी केली, कधी थांबलात, पाण्याची खोली, वारा, भरती की ओहोटी, जवळ किती इंजिनं चालू होती, आणि काही ऐकू आलं नाही तरी तेही लिहा. न ऐकलेले तास लिहिले नाहीत तर ऐकलेल्यांना अर्थ राहत नाही.

डाग_आणि_तार

फाइलींचं राहिलं. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, दोन चॅनल म्हणजे तासाला सुमारे २ जीबी. रेकॉर्डर मोठ्या फाइलीचे तुकडे करतो. प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीची वेळ नावात आहे ना हे पाहा, नसेल तर किनाऱ्यावर आल्या आल्या नावं बदला. मूळ डब्ल्यूएव्ही फाइल दोन ठिकाणी ठेवा. जागा वाचवायची असेल तर एफएलएसी करा, त्यात काही हरवत नाही. एमपी३ करू नका: २० किलोहर्ट्झच्या वरचं सगळं जातं, आणि उरलेल्यातही दोन चॅनलमधला मायक्रोसेकंदांचा फरक भरवशाचा राहत नाही. व्हॉट्सॲपवर कुणी ‘हा कसला आवाज’ म्हणून पाठवलेल्या तुकड्यावरून म्हणूनच दिशाही काढता येत नाही आणि पॉरपॉइजही शोधता येत नाही.